पंधरा वर्षांचं लेकरू, हार्मोनचं इंजेक्शन आणि आईची सही

पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मिस्टर ऐरोलीला नोकरीला, मी घरी ट्यूशन घेते. आमची मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावी. दिवाळीच्या सुट्टीत तिने सांगितलं की मी मुलगा आहे. मित्रमैत्रिणी तिला दुसऱ्याच नावाने हाक मारतात हे तेव्हा कळलं. घरात 'मी येतो, मी जेवलो' असं बोलते. धुवायच्या कपड्यांत क्रेप बँडेज सापडलं, मला वाटलं पाय मुरगळला असेल, तर ती ते छातीला आवळून शाळेत जात होती. आता म्हणते टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू करायचं, पेरेंट्सची सही लागते, ती द्या, बाहेरच्या देशात सोळाव्या वर्षी मिळतं. परवा म्हणाली, नाही दिलीत तर जगून तरी काय करू. मिस्टर म्हणतात हे सगळं इन्स्टाचं खूळ, मोबाइल काढून घ्या. डोंबिवलीचा कुणी काउन्सेलर सहा सिटिंगमध्ये 'नॉर्मल' करतो असं त्यांना ऑफिसातल्या कुणी सांगितलंय. सासूबाई म्हणतात लग्न झालं की सगळं जागेवर येतं. ताई, मी सही करू का? नाही केली आणि काही बरंवाईट झालं तर?"

अहो, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं, हे नाही. 'जगून काय करू' हे वाक्य रागात आलं असेल नाहीतर खरंच मनात असेल, बाहेरून कळत नाही, म्हणून सरळ विचारायचं. आज रात्रीच, भांडण चालू नसताना, "जीव द्यायचे विचार येतात का रे तुला? कधीपासून? काही करायचं ठरवलं होतंस का?" असं स्पष्ट विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेलं डोक्यात भरतं अशी भीती आपल्याकडे फार आहे, तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं मोकळी होतात. घरातल्या गोळ्या, आजीच्या झोपेच्या नि बीपीच्या सकट, कपाटात कुलूप लावून ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर तुमच्याही फोनमध्ये सेव्ह करा आणि पोराच्याही, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि उत्तर 'हो, ठरवलं होतं' असं आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

पण त्याच भीतीने सही करू नका. 'सही नाहीतर जीव' हा सौदा पोराने मांडला काय किंवा इंटरनेटवर कुणी मांडला काय, तो खरा नाही. ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी चार वर्षं या विषयातले सगळे अभ्यास तपासून घेतले आणि एप्रिल 2024 मध्ये अंतिम अहवाल दिला, त्यात असं आहे की या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार बाकीच्या मुलांपेक्षा जास्त असतात हे खरं, पण हार्मोन दिल्याने तो धोका कमी होतो असा पुरावा सापडत नाही, आणि डिप्रेशन वगैरे त्रास असलेल्या इतर मुलांमध्ये धोका साधारण तेवढाच दिसतो. म्हणजे जीवाची काळजी आहे तर मनाचा इलाज आधी आणि वेगळा करायचा. तो आजपासून करता येतो, त्याला कुणाची सही अडलेली नाही.

आता सहीचं. माझं मत विचाराल तर आत्ता करू नका. 'आत्ता' वर जोर आहे, 'कधीच' असं मी म्हणत नाहीये.

का ते सांगते, पण त्यासाठी पोरं ज्याला सरसकट 'ट्रान्झिशन' म्हणतात त्यात किती वेगवेगळ्या गोष्टी आहेत ते बघा. नाव, केस, कपडे, हे एक. ते आवडलं नाही तर उद्या परत बदलता येतं. दुसरं प्युबर्टी ब्लॉकर, म्हणजे वयात येणं थांबवणारं इंजेक्शन, तीच औषधं जी सात-आठ वर्षांची मुलगी फार लवकर वयात आली तर एंडोक्राइनचे, म्हणजे हार्मोनचे, डॉक्टर गेली कित्येक वर्षं देतात. तिसरं हार्मोन, तुमच्याकडे टेस्टोस्टेरॉन. चौथं ऑपरेशन. या चारांची रिस्क एकसारखी नाहीये आणि पोराशी बोलताना चारही एकाच वाक्यात घेतलं की भांडणच होणार.

ब्लॉकरचा विषय तुमच्याकडे जवळपास संपलाय खरं तर. ते वयात यायला सुरुवात होते तेव्हा देतात, तुमच्या लेकराची पाळी येऊन दोनतीन वर्षं झाली असतील, जे व्हायचं ते शरीरात बरंचसं होऊन गेलंय. राहिलं टेस्टोस्टेरॉन. ते घेतलं की काही महिन्यांत आवाज फुटतो आणि मग औषध बंद केलं तरी परत बारीक होत नाही. दाढी-मिशी येते, तीही बऱ्यापैकी कायमची. खालच्या भागात बदल होतो तोही कायमचा. पाळी बंद होते, चरबी सरकते, स्नायू भरतात, हे मागे फिरतं. पुढे मूल होण्यावर नक्की काय परिणाम होईल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, रक्त घट्ट होतं का ते तपासत राहावं लागतं, आणि गंमत म्हणजे पाळी बंद असली तरी दिवस राहू शकतात, हे मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. पंधराव्या वर्षी 'मला मूल नकोच' म्हणणं काय असतं हे तुम्ही-मी दोघी जाणतो. मी पंधराव्या वर्षी साडी कधीच नेसणार नाही म्हणाले होते आणि एअरहोस्टेस होणार होते.

आता 'बाहेरच्या देशात सोळाव्या वर्षी मिळतं' याबद्दल. मिळायचं, काही ठिकाणी अजून मिळतं, पण पोराने अर्धीच गोष्ट वाचलीय. ही पद्धत बसवली हॉलंडच्या डॉक्टरांनी, नव्वदच्या दशकात, बाराव्या वर्षापासून ब्लॉकर, सोळाव्याला हार्मोन, अठराला ऑपरेशन. त्यांच्या पहिल्या अभ्यासात सत्तर मुलं होती आणि ती निवडून घेतलेली, म्हणजे अगदी लहानपणापासून हे चालू, वयात येताना त्रास वाढलेला, दुसरा मोठा मानसिक आजार नाही, घरचे पाठीशी. त्यांचं बरं चाललं. मग सगळीकडे तीच पद्धत गेली पण निवड तेवढी कडक राहिली नाही आणि येणारी मुलंही बदलली. इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठीच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिककडे 2011-12 ला अडीचशेच्या आत मुलं पाठवली गेली होती, 2021-22 ला पाच हजारांच्या वर. आणि नव्याने येणाऱ्यांत बहुतेक जन्माने मुली, तेरा-चौदाव्या वर्षी पहिल्यांदा सांगणाऱ्या, बऱ्याच जणींना सोबत डिप्रेशन, एंग्झायटी, ऑटिझम, खाण्याचे त्रास. त्या सत्तर मुलांचा निकाल यांना लागू पडतो का हे कुणी नीट तपासलंच नव्हतं. फिनलंडने 2020 मध्ये आणि स्वीडनने 2022 मध्ये हात आखडता घेतला, आधी मानसोपचार, औषध फार निवडक. इंग्लंडने मार्च 2024 मध्ये ब्लॉकर नेहमीच्या उपचारातून काढले, त्याच महिन्यात लंडनचं ते टॅव्हिस्टॉकचं मुलांचं क्लिनिक बंद झालं. यातले देश समलिंगी लग्नाला वगैरे केव्हाच हो म्हणालेत, आपल्याकडे ते अजून कायद्यात नाही, तेव्हा हे काही जुनाट लोकांनी केलंय असं पोराला वाटत असेल तर तेवढं सांगा.

दुसरी बाजूही सांगते, कारण पोर ती तुम्हाला सांगणारच आणि तुम्ही 'हे मला माहितीये' म्हणालात तर बोलणं पुढे जाईल. अमेरिकेतल्या बालरोग डॉक्टरांची मोठी संघटना आणि एंडोक्राइन सोसायटी या उपचारांच्या बाजूने राहिल्यात. त्यांचा मुद्दा असा की काही न करणं हाही निर्णयच आहे, शरीर थांबत नाही, नको असलेली छाती, नको असलेला आवाज हेही कायमचंच असतं. आणि हे खोटं नाहीये, एखाद्या मुलाला तो त्रास इतका असतो की आंघोळ अंधारात करतं. डॉ. कॅसनीसुद्धा 'कुणालाच देऊ नका' असं म्हटलेलं नाही, काही मुलांसाठी हाच रस्ता बरोबर ठरतो हे त्या मानतात, सोळानंतर हार्मोन फार जपून, ठोस कारण असेल तरच, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत मात्र वीसपेक्षा जास्त राज्यांनी अठराच्या आत सरसकट बंदी घातली आणि जून 2025 मध्ये टेनेसीचा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. मला ती सरसकट बंदी पटत नाही, आमदार-खासदारांनी मत मोजून कुणाच्या लेकराचं औषध ठरवावं हे विचित्रच. पण एक व्हिडिओ कॉल नि एक फॉर्म एवढ्यावर पंधरा वर्षांच्या पोराला टेस्टोस्टेरॉन द्यावं हे त्याहून पटत नाही. फार थोड्या मुलांना, खूप तपासून, बऱ्याच काळाने मिळावं, इतपत माझं मत. आणि तुमच्या लेकराची तपासणी तर अजून सुरूही झालेली नाही, म्हणून सही नको.

आपल्याकडे कायद्याने अठराच्या आत उपचाराला आईवडिलांची संमती लागते, म्हणून ती सही तुमच्याकडे आलीय. आणि आपले समजदार डॉक्टर ऑपरेशन तर अठराच्या आत करतच नाहीत. कुणी ऑनलाइन 'फक्त सही पाठवा, बाकी आम्ही बघतो' म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. आणि हो, पोराला शांतपणे विचारा की जेल किंवा इंजेक्शन कुठून मागवलंय का. मागवलं असेल तर ओरडू नका, पुडकं जसंच्या तसं डॉक्टरांना दाखवा.

आता थांबायचं म्हणजे काय करायचं. तुमच्या मिस्टरांना वाटतं थांबायचं म्हणजे विषय बंद, दहावी होऊ दे मग बघू, मग बारावी होऊ दे, मग 'नीट'ची परीक्षा होऊ दे. तसं थांबलात तर पोर आपलं अठरावं वर्ष कॅलेंडरवर मोजत बसेल आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी निघून जाईल. म्हणून 'नाही' म्हणताना हातात काहीतरी द्या. काय द्यायचं ते सांगते.

पहिलं ते क्रेप बँडेज. ते आज बंद. ते जसजसं हलतं तसतसं आवळत जातं, फासळ्यांना लागतं, श्वास पुरत नाही, आणि आपल्या दमट हवेत त्याखाली घामोळं नि फंगस होतं ते वेगळंच. त्याऐवजी घट्ट स्पोर्ट्स ब्रा, वर सैल शर्ट. बाइंडर म्हणून मापाचा कपडा मिळतो, तोच हवा असेल तर आठ तासांच्या वर नको, झोपताना नको, पीटीच्या तासाला नको. आई स्वतः हे दुकानात घेऊन देते याने जे काम होईल ते दहा लेक्चरांनी होणार नाही. मी म्हणते त्याला 'मान्यता' समजू नका, फासळ्या वाचवणं समजा.

दुसरं पाळी. या मुलांना सगळ्यात जास्त छळते ती पाळी, आणि त्यावर टेस्टोस्टेरॉनशिवाय उपाय आहे हे कुणी सांगतच नाही. आपल्या घरात सत्यनारायणाला, गणपतीला, लग्नाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या बायका वर्षानुवर्षं घेतात, सासूबाईंनीही दिल्या असतील कुणाला तरी. त्याच जातीची औषधं नीट डोस ठरवून, तपासून, पाळी लांबवायला किंवा बंद ठेवायला स्त्रीरोगतज्ज्ञ देतात, खूप रक्तस्राव होणाऱ्या मुलींनाही देतात. थांबवलं की पाळी परत येते. मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका मात्र, वजन, मायग्रेन, रक्ताच्या गुठळ्यांची घरची हिस्टरी हे सगळं बघावं लागतं. पण पोराला म्हणा, हार्मोनचं नंतर बोलू, या त्रासाचं या महिन्यात बघू. मला वाटतं तुमच्या घरातलं अर्धं टेन्शन इथे उतरेल.

तिसरं, डॉक्टर. मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ हवेत, कुणीही 'लाइफ कोच' नको. तुमच्या मिस्टरांची गंमत अशी की ठाण्यात राहून 'ठाण्याला न्यायची वेळ आली' या वाक्याची त्यांना लाज वाटत असणार, आपल्या अख्ख्या महाराष्ट्राने मनोरुग्णालयावरून ती एक म्हण करून ठेवलीय ना. त्यांना सांगा, मोठ्या जनरल हॉस्पिटलात इतर ओपीडींसारखीच मानसोपचाराची ओपीडी असते, कळव्याला आहे, केईएमला आहे, आणि केईएमला एंडोक्राइनचा विभागही आहे, केसपेपर काढून एकाच आवारात दोन्ही होतं. दोन-तीन भेटींत निकाल मागू नका. डिप्रेशन आहे का, शाळेत कुणी छळतंय का, ऑटिझमची चिन्हं आहेत का, अंगावर कुणी हात टाकला होता का, पोराला मुली आवडतात आणि त्याचं उत्तर ते असं शोधतंय का, सगळं हळूहळू बघायचं. यातलं काही निघालं म्हणजे 'बघा, खरं कारण सापडलं, बाकी खूळ होतं' असं लगेच ठरवू नका. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. लहानपणापासून काही दिसलं नाही याचाही फार अर्थ लावू नका, आपल्या घरांत पोरं असल्या गोष्टी सांगतात कुठे. आणि शारीरिक तपासणीही एकदा होऊ द्या. बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे सगळ्यांना आठवत असतील, 2018 ला मुंबईत ऑपरेशन झालं, तुमच्या नात्यात कुणीतरी त्यांचं उदाहरण देणारच. त्यांची केस वेगळी होती, तपासणीत वाय गुणसूत्र निघालं होतं, आणि ते मोठे, नोकरी करणारे गृहस्थ होते. तुमच्या लेकराशी तुलना दोन्ही बाजूंनी चुकीची.

नावाचं काय? घरात त्या नावाने हाक मारायची का? मी म्हणेन तुम्हाला झेपेल तेवढं. काही डॉक्टर म्हणतात की लहान वयात पूर्ण ओळख बदलली तर मागे फिरणं पोराला जड जातं, काही म्हणतात न बदलल्याने पोर तुटतं. मधला रस्ता घरातलं टोपणनाव. आपल्याकडे सोनू, मनू, चिकू अशी मुलगा-मुलगी दोघांना चालणारी नावं काय कमी आहेत. 'मी जेवलो' वर तर भांडूच नका, कोल्हापूरकडच्या मुली पिढ्यानपिढ्या 'मी आलो, मी गेलो' करतात आणि त्यांचे संसार व्यवस्थित चाललेत. कागदपत्रं मात्र हलवू नका. दहावीच्या सर्टिफिकेटवर एकदा नाव छापलं की पुढे ते बदलताना जीव मेटाकुटीला येतो, आणि परत फिरवायचं तर दुप्पट.

आता मिस्टर. डोंबिवलीच्या त्या माणसाला नाही म्हणा, स्पष्ट. सहा सिटिंगमध्ये 'नॉर्मल' करून देतो म्हणणारा डॉक्टर असेल तर नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच अशा कन्व्हर्जन थेरपीला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, त्याआधी 2021 मध्ये मद्रास हायकोर्टाने असे प्रयत्न थांबवण्याचा आदेश दिला होता. आणि डॉक्टर नसेल तर त्याला पैसे का देताय? थांबून, बोलून, तपासून बघणं वेगळं, आणि ठरलेलं उत्तर पोराच्या घशात कोंबणं वेगळं, हा फरक मिस्टरांना कळला पाहिजे कारण पोराला तो पहिल्या सिटिंगमध्येच कळेल.

मोबाइल काढून घेऊ नका. रात्री अकरानंतर हॉलमध्ये चार्जिंगला, हा नियम घरातल्या सगळ्यांना, मिस्टरांना पण. इन्स्टाचा परिणाम नसतोच असं मी म्हणत नाही, पोरं पोरांचं बघून शिकतात, पण ज्या चार मित्रांशी ते बोलतंय ते तोडलेत तर उरेल कोण?

आणि मिस्टरांच्या मनात जी खरी भीती आहे, जी ते बोलत नाहीत, ती लोक काय म्हणतील याची असेल किंवा पोर 'त्या लोकांत' जाईल याची. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत पुण्यात पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढल्या आणि घर सोडून मुंबईला आल्या, त्या पुढे मोठ्या झाल्या ते त्यांच्या कर्तबगारीने. घर सुटलेल्या बाकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? पोर घराबाहेर गेलं की मग कोण कुठलं इंजेक्शन देतंय यावर तुमचं काहीच चालणार नाही. मिस्टरांना हे याच शब्दांत सांगा, रिस्क त्यांनाही कळेल.

सासूबाईंच्या लग्नाच्या सल्ल्यावर मी काही लिहीत नाही, वय पंधरा आहे, कायदा आहे, विषय संपला.

पोराला काय सांगायचं त्याचं एक वाक्य तुम्ही मागितलं नाहीत पण देते. "मी तुला खोटं म्हणत नाहीये. आवाज, दाढी, पुढचं मूल हे परत न फिरणारं आहे म्हणून आत्ता सही करणार नाही, पण तुझ्यासोबत डॉक्टरकडे येणार, प्रत्येक वेळी येणार, आणि वर्षभराने डॉक्टर काय म्हणतात ते बघून आपण तिघं परत बसणार." तारीख ठरवा, कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी खरंच बसा. तेव्हाही पोर तेच म्हणत असेल आणि डॉक्टरही म्हणाले की हे टिकणारं आहे, तर तेव्हा मी 'आत्ता नको' म्हटल्याचा दाखला देऊन त्याला अडवू नका, तो पत्ता तेव्हा चालणार नाही.

ओपीडीला पहिल्यांदा जाताना जुने रिपोर्ट, पाळीच्या तारखा, चालू औषधं, शाळेतून काही तक्रार आली असेल तर तीही न्या. आत डॉक्टर पोराशी एकट्याने बोलायचं म्हणतील तेव्हा बाहेर थांबा, दाराला कान लावू नका. मिस्टर आले तर उत्तम, नाही आले तर तुम्ही दोघं जा, सकाळी लवकर निघा, केसपेपरची लाइन मोठी असते. काय म्हणाले ते कळवा.